गाझी, विक्रांत आणि मधली म्हातारी राजपूत

दर्यासारंग

डिसेंबर जवळ आला की १९७१ च्या युद्धात बुडालेल्या 'गाझी' या पाकिस्तानी पाणबुडीचे धागे वर येतात आणि दर वेळी गाडी त्याच रुळावर जाते: आपण बुडवली की आपली आपण बुडाली? शंभर प्रतिसाद होतात, दोन-चार आयडी एकमेकांवर रुसतात आणि धागा थंड होतो. या सगळ्या हाणामारीत एका विनाशिकेचं नाव जेमतेम एका ओळीपुरतं येतं. 'आयएनएस राजपूतने दोन डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले.' संपलं. मला त्या राजपूतबद्दल लिहायचंय. गाझीचं भांडण खाली प्रतिसादांत होईलच, आपली मंडळी थोडीच ऐकणार आहेत!

तर राजपूत जन्माने राजपूत नव्हे. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी जॉन ब्राऊन यांची गोदी होती. 'क्वीन मेरी' आणि 'हूड' जिथे बांधल्या गेल्या तीच. तिथून २१ मार्च १९४२ रोजी ती पाण्यात उतरली. नाव 'एचएमएस रॉदरहॅम'. रॉयल नेव्हीच्या 'आर' वर्गातली, आणि त्यातही म्होरकी, म्हणजे फ्लोटिलाचा, विनाशिकांच्या तुकडीचा, कप्तान जिच्यावर बसतो ती. चार ४.७ इंची तोफा, टॉर्पेडोच्या आठ नळ्या, वेग आराखड्याप्रमाणे ३६ नॉट. या वर्गात एक बदल पहिल्यांदा झाला. तोवर ब्रिटिश विनाशिकांवर अधिकाऱ्यांच्या खोल्या मागच्या टोकाला असायच्या. ब्रिज पुढे. खवळलेल्या समुद्रात डेकवरून पाणी फिरत असताना वॉच, म्हणजे पहारा, बदलायचा म्हणजे जीव मुठीत धरून अख्खं जहाज ओलांडायचं. 'आर' वर्गात खोल्या पुढे आणल्या. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो, पण ज्याने पावसाळ्यात छोटी बोट अनुभवलीय त्याला विचारा.

दुसऱ्या महायुद्धात ती बहुतेक काळ आपल्याच अंगणात होती. ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या ताफ्यात, हिंदी महासागरात. एप्रिल १९४४ मध्ये 'इलस्ट्रियस' आणि अमेरिकन 'साराटोगा' या विमानवाहू नौकांनी सुमात्राच्या टोकावरच्या साबांगवर हल्ला चढवला, तेव्हा भोवतीच्या कड्यात रॉदरहॅम होती. सप्टेंबर १९४५ मध्ये जपान्यांकडून सिंगापूरच्या नौदल तळाचा ताबा घेतला गेला तोही रॉदरहॅमच्या लोकांनी. त्या तळाच्या दरवाजाला पुढे 'रॉदरहॅम गेट' हेच नाव पडलं.

१९४९ साली तीन बहिणी एकदम आपल्याकडे आल्या. रॉदरहॅमची राजपूत झाली, 'रिडाउट'ची रणजित आणि 'रेडर'ची राणा. स्वतंत्र भारताच्या नौदलाच्या या पहिल्या विनाशिका. १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी आपल्या विमानवाहू नौकेभोवती, विक्रांतभोवती, जे जहाजांचं कडं होतं त्यात राजपूत होती. हे लक्षात ठेवा, कारण दहा वर्षांनी तिला विक्रांतची राखण नाही, खुद्द विक्रांत व्हायचं होतं.

१९७१. राजपूतचं वय झालेलं, निवृत्ती दारात. तिकडे विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले, त्यामुळे वेग कमी. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांच्या हातात हीच अधू विमानवाहू नौका होती आणि पाकिस्तानला ती कुठल्याही किमतीत हवी होती. कराचीहून भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाऊन तिथे ठाण मांडेल एवढा पल्ला त्यांच्या एकाच पाणबुडीत होता. गाझी. मूळची अमेरिकन 'डायब्लो', १९६४ पासून त्यांच्याकडे. त्यांच्या नव्या फ्रेंच बनावटीच्या दाफ्ने पाणबुड्या जास्त शांत होत्या, पण इतका लांबचा प्रवास त्यांच्या आवाक्यात नव्हता. १४ नोव्हेंबरला गाझी कराचीहून निघाली.

कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानात नेऊन लपवलं. मग विशाखापट्टणममध्ये नाटक सुरू झालं. बाजारातून धान्य, भाजीपाला, मांस यांच्या मोठमोठ्या ऑर्डरी दिल्या, म्हणजे कंत्राटदार बोलतील, हेर ऐकतील, ताफा इथेच आहे असं वाटेल. आणि राजपूतला बंदरापासून सुमारे १६० सागरी मैलांवर पाठवून विक्रांतच्या नावाने वायरलेसवर भरपूर गोंगाट करायला सांगितलं. एवढी मोठी वर्दळ म्हणजे मोठंच जहाज असणार, असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा म्हणून. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एक साधी, सांकेतिक नसलेली तार. विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावाने, आजारी आईची तब्येत विचारणारी. अशी तार कडक रेडिओशिस्तीत कधी जाणार नाही. पण माणसाकडून होणारी चूक म्हणून ती इतकी खरी वाटते की शंका येऊ नये!

३ डिसेंबरला संध्याकाळी पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ला होऊन युद्ध सुरू झालं. त्या रात्री बंदरात परतलेली राजपूत लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हुकमाखाली विशाखापट्टणमच्या अरुंद खाडीतून बाहेर पडत होती. दिवे बंद. बंदरातून वाट दाखवणारा पायलट वाटेत उतरवला. बाहेर पाणबुडी टपून असेल तर ती इथेच असेल, असा विचार करून कप्तानाने वेग वाढवला. तेवढ्यात टेहळ्याला पुढे पाण्यात खळबळ दिसली. जहाज तिकडे वळवून दोन डेप्थ चार्ज टाकले. नंतर मोठा स्फोट झाला. मध्यरात्र उलटून पाव तास झाला असेल, शहरात घरांच्या काचा हादरल्या. राजपूतने आजूबाजूला शोधलं, काही दिसलं नाही, ती पुढे निघून गेली.

सकाळी कोळ्यांना तरंगणाऱ्या वस्तू मिळाल्या. त्यात अमेरिकन नाव छापलेलं लाइफ जॅकेट होतं, 'डायब्लो'चं. डायव्हर्सनी खाली जाऊन पाहिलं तर गाझी तळाशी. ९ डिसेंबरला ही बातमी जाहीर झाली. त्याच रात्री अरबी समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली.

माझं म्हणणं एवढंच: गाझी नेमकी कशाने फुटली याचा निकाल लागो न लागो, राजपूतची कामगिरी त्या दोन डेप्थ चार्जमध्ये मोजू नका. ती त्याआधीच्या दिवसांत झाली होती. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांवर चालणारी, भंगारात जायच्या वाटेवरची विनाशिका वीस हजार टनी विमानवाहू नौकेचं सोंग घेऊन समुद्रात फिरली, पाणबुडी मागे लागावी म्हणूनच फिरली. त्यावरच्या माणसांच्या वाट्याला आमिषाचं काम आलं होतं. आमच्या गावच्या जत्रेतल्या दशावतारात सोंग घेतलेल्याला निदान तलवार लाकडाची आहे हे ठाऊक असतं.

बोरिवलीचा बंड्या

मस्त लिहिलंय सारंगकाका. पण गोंधळ झाला. राजपूत तर २०२१ मध्ये निवृत्त झाली ना? ब्रह्मोस सोडलेली? पेपरात फोटो होता, सूर्यास्ताच्या वेळी झेंडा उतरवतानाचा.

दर्यासारंग

ती दुसरी रे बाबा. सोव्हिएत बनावटीची, १९८० मध्ये जॉर्जियातल्या पोटी बंदरात नौदलात आली आणि मे २०२१ मध्ये विशाखापट्टणमला निवृत्त झाली. जुनी राजपूत १९७६ मध्येच मोडीत निघाली. नौदलात नावं अशी पुढे चालत राहतात. खुकरीचंही तसंच.

शंकासुर

लेख आवडला, पण गाझीचा मुद्दा तुम्ही हळूच बाजूला सारलात म्हणून लिहितो. पहिलं: डेप्थ चार्ज पाणबुडीच्या पोटापासून काही मीटरच्या आत फुटला तरच ती फोडतो. अंधारात नुसती खळबळ बघून टाकलेले दोन चार्ज इतके जवळ पडले असतील याची शक्यता किती? दुसरं: गाझीचा पुढचा भाग आतून बाहेर फुटल्यासारखा होता असं पाहणाऱ्यांनी म्हटलंय. म्हणजे आतच काहीतरी झालं. सुरुंग, टॉर्पेडो किंवा बॅटऱ्यांतला हायड्रोजन. पाकिस्तानची बाजूही कायम हेच सांगते. आपल्याकडच्या काही वरिष्ठ नौदल अधिकाऱ्यांनीही ही शक्यता नाकारलेली नाही. हे तुम्ही का लिहिलं नाही?

आणि आमिषाबद्दल. विशाखापट्टणम हा पूर्वेकडच्या ताफ्याचा तळ होता. गाझीकडे सुरुंग होते. विक्रांत मिळो न मिळो, ती बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरायला येणारच होती. मग राजपूतच्या सोंगाने काय साधलं?

दर्यासारंग

मी निकाल दिलाच नाही म्हणून लिहिलं नाही. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. सुरुंग पेरून निघून जायचं आणि मोठी शिकार मिळेल म्हणून बंदराच्या तोंडाशी घुटमळत राहायचं, यात फरक आहे. पाणबुडीसाठी उथळ पाणी म्हणजे सापळा. ती तिथे राहिली, कारण विक्रांत जवळपास आहे असं तिला वाटत होतं. तसं वाटायला कारणीभूत कोण? शिवाय विक्रांत अंदमानात शांतपणे होती म्हणूनच ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांना पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर झेपावता आलं. हा जमाखर्च गाझी बुडाल्यावर नाही, ती चुकीच्या जागी असतानाच मांडायला हवा.

माजी_नौसैनिक

नौदलात होतो, पण १९७१ नंतरचा. शंकासुर यांचा पहिला मुद्दा बरोबर दिशेने आहे, तरी थोडा अर्धा आहे. त्यात भर घालतो.

त्या काळच्या सोनारचा, म्हणजे आवाजाच्या लाटांनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, ज्याला ब्रिटिश लोक अॅस्डिक म्हणायचे, आपल्या किनाऱ्याजवळ फारसा भरवसा नसायचा. उथळ पाणी, तळावरून परतणारे आवाज आणि पाण्यात वर-खाली तापमानाचे थर. आवाजाची लाट सरळ न जाता वाकते आणि पाणबुडी थराखाली सुखाने बसते. म्हणून राजपूतवर सोनारने नाही, डोळ्यांनी दिसलं. टेहळ्याचा डोळा ही त्या रात्रीची खरी यंत्रणा होती.

डेप्थ चार्ज म्हणजे पिंप. त्यात पाण्याच्या दाबावर चालणारी कळ असते, ती किती खोलीवर फुटायचं ते ठरवते. उथळ पाण्यात कमी खोलीवर लावतात. मग पिंप टाकल्याबरोबर तुमच्याच शेपटीखाली फुटणार, म्हणून वेग हवा. इंदर सिंग यांनी वेग आधीच वाढवला होता तो पाणबुडीच्या टॉर्पेडोला निशाणा मिळू नये म्हणून, पण चार्ज टाकताना त्याचाच उपयोग झाला. जुन्या विनाशिकेचा मागचा भाग हादरून यंत्रं बंद पडली असती तर ती तिथेच बसली असती.

आता दुसरं. चार्जने थेट फोडलं नाही तरी पाणबुडी खाली आपटू शकते, पाणी शिरू शकतं, आतल्या माणसांचा ताबा सुटू शकतो. सुरुंग आणि टॉर्पेडो पोटात घेऊन उथळ तळावर आपटलेली पाणबुडी काही वेळाने आतून फुटली तर ते 'आतून'ही असेल आणि राजपूतमुळेही असेल. चार्ज आणि मोठा स्फोट यांच्यात काही मिनिटांचं अंतर होतं असं जे सांगतात त्याच्याशी हे जुळतं. गाझीतलं एक घड्याळ त्या स्फोटाच्या सुमारासच थांबलं होतं असंही सांगितलं जातं. मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण 'आतून की बाहेरून' हा प्रश्नच मला चुकीचा मांडलेला वाटतो.

शंकासुर

हे मान्य होण्यासारखं आहे. काहीतरी डोक्यात घुसलं.

कुडाळची_लेक

मी फक्त वाचते, लिहीत नाही. पण राजपूतचं नाव वाचून राहवलं नाही. आमचे आजो राजपूतवर स्टोकर होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीवर कामाला, पन्नासच्या दशकात. युद्ध नाही पाहिलं त्यांनी तिच्यावर, पण जहाज पाहिलं. त्यांच्या तोंडून ऐकलेलं लिहिते.

बॉयलर रूममध्ये जायला दोन दारं होती, मध्ये छोटी कोंडलेली जागा. आत पंख्याने हवा दाबून भरलेली असायची, म्हणून एक दार पक्कं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तसं केलं तर हवेचा दाब गेला आणि भट्टीतली ज्वाळा उलटून तोंडावर आली. नवीन पोरांना पहिल्या दिवशी आजो एवढंच सांगायचे, 'एक दार लावल्याबिगर दुसरा उघडूचा नाय, नायतर घराक तार जातली.' मे महिन्यात आत कसं असेल त्याची कल्पना करा. घामाबरोबर मीठ जायचं म्हणून मिठाचं पाणी प्यायचे.

झोपायला हॅमॉक. मेस डेकवर हुकांना बांधायचे, एकाला एक लागून, जहाज हललं की सगळे एकाच लयीत डुलायचे. सकाळी नीट गुंडाळून ठेवायचा, कशीही सुरळी केली तर लीडिंग हँड, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, ओरडायचा. रिटायर झाल्यावरही आजो गावी चादर तशीच कडक गुंडाळायचे. आजीला त्याचा वैताग यायचा.

कोकणातली बरीच मुलं नौदलात होती. आईवडलांना माहीतच नसायचं की बोट कुठे आहे. मुंबईचं टपाल आलं की कळायचं. आजोंनी १९७१ मध्ये रेडिओवर गाझीची बातमी ऐकली तेव्हा ते गावी होते. राजपूतचं नाव तेव्हाच बातमीत आलं की नंतर त्यांना कळलं ते मला माहीत नाही, पण कळल्यावर ते बराच वेळ भाटात, माडांच्या बागेत, जाऊन उभे राहिले, असं आई सांगते.

दर्यासारंग

ताई, वाचत राहावं असं लिहिलंय. या धाग्यात माझ्या लेखापेक्षा तुमचा प्रतिसाद वरचढ आहे. ते दोन दारांचं त्या काळच्या ब्रिटिश विनाशिकांवर नेहमीचंच होतं, पण कळणं वेगळं आणि घराक तार जातली हे ऐकणं वेगळं. आजोंकडून आणखी काही आठवत असेल तर स्वतंत्र धागाच काढा.

सुलभा_पुणे

गाझीवर ९३ जण होते. कमांडर जफर मुहम्मद खान त्यांचे कप्तान. एकही वाचला नाही. आपण जिंकलो याचा आनंद मला आहे, पण आपल्या धाग्यात त्यांचा उल्लेख फक्त 'पाणबुडी' असा होतो. खुकरीवर आपले १९४ जण गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, ते आपण डोळ्यांत पाणी आणून लिहितो. दोन्हीकडे लोखंडाच्या पेटीत माणसंच होती.

बोरिवलीचा बंड्या

सुलभाताई, बरोबर. पण खुकरीबद्दल लिहिताना डोळ्यांत पाणी येणारच, आपले होते.

सुलभा_पुणे

येऊ दे की. मी नाही कुठे म्हटलं?

वायझॅगकर

नोकरीनिमित्त इथे आलेला नाशिकचा माणूस. इथल्या आर. के. बीचवर विजयाचं स्मारक आहे, १९९६ चं. त्याच रस्त्यावर आयएनएस कुरसुरा ही पाणबुडीच संग्रहालय म्हणून वाळूत उभी केलीय. ती पाहून मुलाने विचारलं, 'गाझी अशीच होती का?' आकाराने जवळपास, असं म्हटलं. आत गेल्यावर कळतं की माणसं कशी राहत असतील. बंकला डोकं आपटल्याशिवाय कोणी बाहेर येत नाही.

इथे गाझीची जागा समुद्रात फार दूर नाही. २०२४ मध्ये नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचाव यानाने तिचे अवशेष पुन्हा पाहिल्याची बातमी होती. किनाऱ्यापासून अडीच किलोमीटरच्या आसपास.

आता एक गंमत, जी इथल्या लोकांनाही फार माहीत नसते. गाझी ही विशाखापट्टणमसमोर बुडालेली पहिली शत्रू पाणबुडी नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये जपानी आरओ-११० इथेच बुडवली गेली. बुडवणाऱ्यांत दोन ऑस्ट्रेलियन जहाजं आणि तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीची 'जमुना'. तेव्हा त्याच महासागरात रॉदरहॅमही असणार. म्हणजे १९७१ मध्ये राजपूतने ज्या पाण्यात दोन पिंपं टाकली, त्या पाण्याला पाणबुड्या नवीन नव्हत्या.

माजी_नौसैनिक

जमुनेचं नाव काढलंत, बरं वाटलं. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

आळशी_वाचक

एक साधी शंका. 'द गाझी अटॅक' सिनेमात आपल्याच पाणबुडीने गाझी बुडवलेली दाखवलंय. मग राजपूत?

दर्यासारंग

सिनेमाचं सिनेमात. आपल्या पाणबुडीने गाझीला बुडवल्याचं आपल्या नौदलाचंही म्हणणं नाही. वाद आहे तो राजपूतचे चार्ज की गाझीच्या पोटातला दारूगोळा, एवढ्याचाच. पण दोन पाणबुड्या पाण्याखाली एकमेकींना हुंगत फिरताहेत हे दृश्य जास्त खपतं, आणि वायरलेसवर खोट्या तारा पाठवत बसलेली जुनी विनाशिका दाखवायची कशी? त्यात नायक कोण, वायरलेस ऑपरेटर?

शंकासुर

खरं तर तोच असावा. त्याचं नाव कुठे आलंय का?

दर्यासारंग

माझ्या वाचनात नाही. कृष्णन यांचं नाव सगळीकडे आहे. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही होतानाच्या त्या प्रसिद्ध फोटोत मागे उभे असलेल्यांत तेही आहेत. इंदर सिंग यांचं नाव आहे. पण आईची तब्येत विचारणारी ती तार कोणी टाइप केली, त्या रात्री टेहळणीला कोण होतं, बॉयलरवर कोण होते, ते पुस्तकांत सापडत नाही. कोणाच्या घरात राजपूतचा क्रू फोटो, पे-बुक किंवा डिसेंबर ७१ ची पत्रं असतील तर इथे टाका. नावं गाळून टाकली तरी चालेल. कुडाळच्या ताईंना तर आधीच सांगितलंय.